बेचाळीस भागिले किती?

दिवाळीत गावी, राणीसावरगावला गेले होते. नववीतला चुलतभाऊ टेनिस बॉलवर भन्नाट वेगात गोलंदाजी करतो, गावात त्याचं नाव आहे. स्पर्धा परीक्षेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकातला क्रीडा विभाग त्याचा तोंडपाठ. त्यानं म्हणून दाखवलं: रणजी करंडक सर्वाधिक वेळा जिंकणारा संघ मुंबई, ४२ वेळा. सलग सर्वाधिक, तेही मुंबईच, १५ वेळा.

"आपलीच की मुंबई," काका खुशीत म्हणाले.

पोरगं जरा थांबलं. "ताई, म्या उद्या मोठा झाल्यावर मुंबईकून खेळीन का?"

म्हटलं, नाही रे. परभणी जिल्हा महाराष्ट्राच्या संघात येतो. मुंबई वेगळी, विदर्भ वेगळा, आणि उरलेला सगळा महाराष्ट्र म्हणजे पुण्याच्या संघटनेचा महाराष्ट्र.

"मंग त्यायचे किती हायेत?"

"दोन."

"कवाचे?"

"१९३९-४० आणि १९४०-४१."

त्यानं पुस्तक मिटून ठेवलं.

त्या पुस्तकातल्या त्या एका ओळीविषयी मला लिहायचं आहे. नेहमी मी इथे पावसाविषयी लिहिते, कारण पीएचडी त्याच्यावर आहे: मराठवाड्यातल्या पर्जन्यमापक केंद्रांच्या जुन्या नोंदी. पण रणजीच्या विजेत्यांची यादी समोर घेऊन बसले आणि लक्षात आलं की इथेही रोजचंच काम आहे.

आमच्याकडे पहिला नियम असा की शंभर वर्षांची नोंद हातात आली म्हणून लगेच सरासरी काढायची नाही. आधी बघायचं की ती शंभर वर्षं एकाच गोष्टीची नोंद आहे का. पर्जन्यमापक मध्येच कचेरीच्या अंगणातून दुसरीकडे हलवला, शेजारी मोठं झाड वाढलं, मोजायची वेळ बदलली, तर आकड्यांत अचानक एक पायरी दिसते. पाऊस बदललेला नसतो, मोजमाप बदललेलं असतं. याला समांगता तपासणं म्हणतात. एकट्या केंद्राकडे बघून हे बहुतेक वेळा कळत नाही, शेजारच्या केंद्रांच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात. हे दोन्ही उद्योग ४२ या आकड्यावर करून बघू.

रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. २०२४-२५ पर्यंतचे हंगाम मोजले तर ९१ होतात. २०२०-२१ मध्ये साथीमुळे स्पर्धा झाली नाही, म्हणजे ९०. नव्वदात ४२, जवळजवळ निम्मे. सामान्यज्ञान इथे संपतं.

आता त्या नव्वदाचे तीन तुकडे करा. १९५७-५८ पर्यंतचे २४ हंगाम: मुंबई ९ वेळा. मग १९५८-५९ ते १९७२-७३ हे १५ हंगाम: १५ वेळा. आणि १९७३-७४ पासून पुढचे ५१ हंगाम: १८ वेळा. टक्केवारीत पहिला तुकडा ३७.५, तिसरा ३५.३. मधला शंभर.

मला हे बघून खरंच धक्का बसला होता. "आधीची मुंबई" आणि "नंतरची मुंबई" यांच्यात फरकच नाही! नंतर तर स्पर्धा कितीतरी फुगली. पहिल्या वर्षी १५ संघ होते, २०१८-१९ मध्ये बिहार, उत्तराखंड, पुदुच्चेरी आणि ईशान्येकडची राज्यं मिळून ९ नवे संघ आल्यावर ३७ झाले, आज ३८ आहेत. नव्यांतले बरेच संघ दुबळे आहेत हे मान्य. तरी पंधरा-वीस जणांत तीनातला एक करंडक नेणं आणि पंचवीस-तीस जणांत तीनातला एक नेणं, यात दुसरं जास्त अवघड. मुंबईचा तो जुना खडूसपणा गेला, पूर्वीची मुंबई राहिली नाही, ही आपल्या क्रीडालेखनातली कायमची हळहळ आहे. ती ज्या "पूर्वी"बद्दल असते ती फक्त मधली पंधरा वर्षं असतात. १९५८ च्या आधीचं "पूर्वी" घेतलं तर घसरण कुठे दिसत नाही.

खडूसपणाविषयी माझी तक्रार आणखी एक आहे. जिंकले की खडूस होते म्हणून, हरले की खडूसपणा हरवला म्हणून. जे कारण कुठल्याही निकालाला चालतं ते तपासता येत नाही, आणि प्रयोगशाळेत असं कारण घेऊन गेलं तर गाइड दारातूनच परत पाठवतील. खेळाडूंची जिद्द खोटी होती असं मी म्हणत नाही. पण जिद्द १९५८ मध्ये आली आणि १९७३ मध्ये गेली, असं तर कुणाचंच म्हणणं नाही ना?

मग मधल्या पायरीचं काय? ती नशिबानं आलेली नाही एवढं नक्की. दर वर्षी जिंकण्याची शक्यता ३७ टक्के असेल, तर सलग पंधरा वेळा जिंकण्याची शक्यता साधारण तीस लाखांत एक येते. शक्यता ८० टक्के धरली तरी साडेतीन टक्केच. पंधराची मालिका "घडेल किंवा घडणार नाही" अशी निम्मी-निम्मी व्हायची तर दर हंगामाला जिंकण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर हवी. खेळात ९५ टक्के म्हणजे जवळजवळ खात्रीच.

केंद्राच्या नोंदीत एवढी मोठी पायरी दिसली की आम्ही आधी जुन्या फायलींत शोधतो, त्या सुमारास काही हललं होतं का. इथे हललं होतं. १९५६-५७ पर्यंत रणजी बाद पद्धतीने खेळली जायची: हरलात की घरी. १९५७-५८ पासून विभागवार साखळी सुरू झाली. पश्चिम विभागात पाच संघ: मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. आधी आपसात खेळायचं, आणि विभागातला पहिला संघ तेवढा पुढे जाणार. पहिल्या वर्षी बडोदा पुढे गेला आणि जिंकलाही. त्याच्या पुढच्या वर्षापासून मुंबईची पंधरा वर्षं सुरू झाली.

साखळीनं बलवान संघाला काय मिळतं, हे हिशोबानं बघा. समजा एक संघ कुठलाही सामना ८५ टक्के शक्यतेनं जिंकतो. बाद पद्धतीच्या पाच फेऱ्या असतील तर करंडकाची शक्यता ४४ टक्के. साखळीत एखादा सामना फसला तरी चालतं, म्हणून खरोखर जीवघेणे सामने तीनच उरले असं धरू. मग तीच शक्यता ६१ टक्के होते. संघ तोच, ताकद तीच, मोजायची रीत बदलली. पण ६१ म्हणजे ९५ नव्हे. ९५ वर जायला प्रत्येक बाद सामना ९८ टक्क्यांच्या आसपास खात्रीचा हवा. तेवढं श्रेय मुंबईचंच आहे आणि ते काढून घेता येणार नाही.

ते श्रेय कशाचं, याचा माझ्या मते सगळ्यात चांगला पुरावा १९७०-७१ चा हंगाम. भारतीय संघ वेस्ट इंडिजला गेला होता. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, सगळे तिकडे. मुंबईची धुरा सुधीर नाईकांकडे आली, आणि तरी मुंबई जिंकली. माणसं काढून घेतल्यावरही निकाल तोच राहिला, म्हणजे ताकद माणसांच्या खाली कुठेतरी होती. शाळांच्या हॅरिस आणि जाइल्स ढाली, १९४८ पासूनची पावसाळ्यातली कांगा लीग, आणि टाटा, एसीसी, निर्लॉन, मफतलाल, स्टेट बँक अशांचे संघ, ज्यांत चांगल्या खेळाडूला नोकरी मिळायची आणि सरावाला सुट्टीही. १९४८ ला ओल्या खेळपट्टीवर शिकायला लागलेली पोरं दहा वर्षांनी जाणती होतात. १९५८. तारखा जुळतात, एवढंच म्हणते. जुळणारी तारीख हा पुरावा नसतो, हे माझ्याच पहिल्या शोधनिबंधाच्या परीक्षकानं मला चांगलं सुनावून शिकवलं आहे.

(पद्माकर शिवलकरांचं नाव न घेता पुढे जाववत नाही. १९७२-७३ चा अंतिम सामना, चेन्नई. मुंबई १५१ आणि ११३, तमिळनाडू ८० आणि ६१. शिवलकर १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५. एवढं करून हा माणूस भारताकडून एकही कसोटी खेळला नाही. विक्रमांच्या यादीत यासाठी रकाना नाही.)

आता शेजारची केंद्रं. हा भाग मी त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि मग झोप गेली.

१९५७-५८ पर्यंतच्या २४ करंडकांपैकी मुंबईचे ९ सोडून पश्चिमेतल्या बाकीच्यांनी किती नेले? बडोदा ४, महाराष्ट्र २, नवानगर १, वेस्टर्न इंडिया १. एकूण ८. म्हणजे मुंबईच्या जवळजवळ बरोबरीने. मग १९५८-५९ पासून १९९९-२००० पर्यंत बडोदा, महाराष्ट्र, गुजरात, सौराष्ट्र या चौघांनी मिळून किती? शून्य. चार संघ, ४२ हंगाम, शून्य. मुंबईचे ४२ करंडक सगळ्यांना पाठ आहेत, हे दुसरे ४२ कुठल्या पुस्तकात छापलेले नाहीत. आमच्या परभणीचा पाऊस अर्ध्याहून अधिक सह्याद्रीच्या पलीकडेच पडून जातो, त्याला भूगोलात पर्जन्यछाया म्हणतात. हा आकडा बघताना मला तेच आठवलं.

आणि दार किती घट्ट बंद होतं बघा. १९६९-७० पर्यंत विभागातून एकच संघ पुढे जायचा. पश्चिमेत दुसरा आला तो घरी बसायचा, भले तो देशातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ का असेना. तिकडे मध्य विभागातून राजस्थान पुढे येत राहिला आणि १९६०-६१ ते १९६९-७० मध्ये ७ वेळा मुंबईशी अंतिम सामना हरला. त्यामुळे निदान उपविजेता म्हणून राजस्थानचं नाव यादीत सात वेळा लागलं. महाराष्ट्राचं एकदाही नाही. मग १९७०-७१ मध्ये नियम बदलला, विभागातून दोन संघ जाऊ लागले. त्याच वर्षी अंतिम सामना कुणात झाला? मुंबई आणि महाराष्ट्र! दोन्ही पश्चिमेचे. म्हणजे जुन्या नियमानं त्या दोघांतला एक त्या हंगामात बाद पद्धतीपर्यंतही पोचला नसता. आधीच्या बारा वर्षांत असे किती दुसरे क्रमांक वाया गेले असतील, हे यादी सांगूच शकत नाही, कारण ते सामने झालेच नाहीत.

पुढे १९९२-९३ मध्ये विभागातून तीन संघ जाऊ लागले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र पुन्हा अंतिम फेरीत आला, पंजाबकडून हरला. दोन बिंदूंवरून रेष ओढू नये. मी ओढत नाही, नुसते दाखवते.

पण हा सगळा दोष दाराचा आहे असं म्हणून टाकलं तर मी काकांच्या उलट बाजूनं तीच चूक करेन. एक म्हणजे त्याच काळात आणखी काही गेलं होतं: संस्थानिकांचा आश्रय. नवानगर, बडोदा, पलीकडे इंदूरचे होळकर, हे संघ राजांच्या पैशावर आणि नोकऱ्यांवर उभे होते. होळकरांचा संघ १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा अंतिम फेरीत होता, चार वेळा जिंकला. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात त्यांच्याकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला, नाबाद २४९. विजय हजारे मूळ सांगलीचे. १९३९-४० मध्ये महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद ३१६ केल्या. नंतर ते त्याच बडोद्याच्या संस्थानात गेले. महाराष्ट्राचे दोन करंडक हजारे आणि देवधर एकत्र असतानाचे आहेत, आणि बडोद्याचे पुढचे करंडक हजारे तिकडे गेल्यानंतरचे.

दुसरं म्हणजे, दाराचं स्पष्टीकरण खरं असेल तर दार काढल्यावर शेजारी जिंकायला हवेत. हे तपासता येतं. २००२-०३ मध्ये विभागांची पद्धत गेली. त्यानंतर गुजरात २०१६-१७ मध्ये जिंकला, तोही मुंबईला हरवून. सौराष्ट्र २०१९-२० आणि २०२२-२३ मध्ये. म्हणजे भाकीत बऱ्यापैकी उतरलं. एक केंद्र सोडून. महाराष्ट्र २०१३-१४ मध्ये अंतिम फेरीत पोचला, कर्नाटककडून हरला, बस्स. शेजारी विदर्भानं २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन करंडक नेले, आणि त्यातला पहिला तर त्यांच्या पहिल्याच अंतिम सामन्यात. १९५८ ते १९७० च्या कोऱ्या रकान्याला दार हे कारण पुरतं. गेल्या वीस-बावीस वर्षांच्या कोऱ्या रकान्याचा जाब मात्र मुंबईला विचारता येत नाही, तो पुण्यातच विचारावा लागेल.

यादीतला आणखी एक खोडसाळपणा सांगते. बॉम्बेचे करंडक मुंबईच्या खात्यात, मद्रासचे तमिळनाडूच्या. ठीक. पण होळकरांचे चार मध्य प्रदेशच्या खात्यात नाहीत. २०२१-२२ मध्ये मध्य प्रदेश मुंबईला हरवून जिंकला तेव्हा बातमी होती "पहिलं विजेतेपद". नवानगर आणि वेस्टर्न इंडिया यांचे दोन सौराष्ट्राला मिळत नाहीत. नाव बदललं तर वारसा चालतो, राजा गेला तर थांबतो! यात चूक-बरोबर काही नाही, पण हा नियम कुणीतरी ठरवलेला आहे आणि पुस्तकात तो छापलेला नसतो.

आणि बेरजेत जे बसत नाही ते कुठे जातं? १९४८-४९ चा हंगाम घ्या. पुण्यात महाराष्ट्राकडून भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ ला ९ कमी असताना समोरच्या संघानं सामनाच सोडून दिला. त्याच हंगामात पुण्यातच मुंबईविरुद्ध उपांत्य सामना झाला: मुंबई ६५१ आणि ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि चौथ्या डावात ६०४. एकूण २३७६ धावा. चौथ्या डावात सहाशे करून संघ ३५४ धावांनी हरला. यादीत त्या वर्षासमोर एकच शब्द आहे, मुंबई.

पंधराची मालिका कशी तुटली तेही असंच. १९७३-७४, बंगळुरूचा उपांत्य सामना. कर्नाटककडून विश्वनाथची दीडशतकी खेळी. मुंबईचा डाव उभा राहत असताना वाडेकर धाव घेताना घसरले आणि धावबाद झाले. सामना अनिर्णित, पहिल्या डावाच्या आघाडीवर कर्नाटक पुढे. पाय घसरला नसता तर आकडा सोळा, सतरा, अठरा, एकोणीस झाला असता का? पुढची तीन वर्षं मुंबईच जिंकली, हे यादीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहीचं ते मागचं पान मी भावाला दाखवलं. टक्केवारी त्याला फारशी आवडली नाही. पैठणचा अंकित बावणे महाराष्ट्राचा कर्णधार झाला, तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर आणि बीडचा सचिन धस एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक खेळले, हे मात्र त्याला माहीत होतं, माझ्याहून नीट. मग त्याला एक गोष्ट सांगितली जी मलाही हे पान मांडतानाच सुचली. १९३७-३८ चा करंडक हैदराबादनं जिंकला होता, नवानगरला एका गड्यानं हरवून. तेव्हा आपलं गाव, परभणी, अख्खा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे आपल्या पणजोबांना त्या वर्षी कुणी विचारलं असतं की तुमची टीम कोणती, तर उत्तर पुणेही नव्हतं आणि मुंबईही.

त्यानं बोटं मोजली. "मंग तीन धरायचे का आपले?"

काका चहा घेत होते. म्हणाले, "धर की. कोन पाह्यतंय."